पाच फुल्या

"आधी वेग बघायचा," निशिकांत केळकर म्हणाला. "मग वय. मग खांद्याचं ऑपरेशन झालंय का ते. बस. भावनेला इथे जागा नाही."

त्याने लॅपटॉप गोविंदच्या जेवणाच्या टेबलावर उघडला होता आणि तो वीणाच्या खुर्चीवर बसला होता. गोविंदची बायको वीणा जानेवारीत वारली. आता मार्च संपत आला होता आणि तोपर्यंत त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं.

शनिवारची सकाळ होती. अकरा वाजता ऑफिसच्या बेसबॉल लीगची निवड सुरू होणार होती. खेळ अमेरिकेतला, खेळाडू अमेरिकेतले. पाया लेबार भागातल्या ऑफिसातली दहा माणसं त्या खेळाडूंतून निवडून फोनवर आपापली टीम बनवायची आणि खऱ्या सामन्यांत ते खेळाडू कसे खेळतात त्यावर मिळणाऱ्या गुणांवरून वर्षभर एकमेकांना टोमणे मारायची. वीणा सलग तीन वर्षं जिंकली होती. निशिकांत तिचा साहेब. तो तिन्ही वर्षं दुसरा आला होता.

"पासवर्ड द्या, गोविंदराव. वीणाची टीम ह्या वर्षी मी चालवतो. तिची आठवण म्हणून. गेल्या वर्षी जिंकलेल्या टीमला पहिली निवड मिळते, ती वाया जायला नको."

"मेई लिनला द्या, असं वीणा सांगून गेलीय. ती येईलच अकराच्या आधी."

"मेई लिन? रिसेप्शनवरची?" निशिकांत हसला. "ती कुरिअरच्या सह्या घेते, गोविंदराव. ह्याला डोकं लागतं."

"वीणानं शिकवलंय तिला."

"कधी?"

निशिकांतने उत्तराची वाट पाहिली नाही. लहान मुलाला समजावतात तसं तो सावकाश सांगू लागला. "हे बघा. पिचर म्हणजे आपला बोलर. त्याने आज शंभर चेंडू टाकले की चार दिवस त्याचा हात कामाचा नसतो. म्हणून पाच जण ठेवायचे आणि पाळी लावायची. ह्याला म्हणतात रोटेशन."

"माहीत आहे. हॉस्पिटलात तुम्ही लावलं होतं ना, भेटायला येणाऱ्यांचं."

"हो तर! ऑफिसातले पाच जण, रोज एकाची पाळी. रंगीत शीट केलं होतं मी."

"सुंदर होतं शीट," गोविंद म्हणाला.

निशिकांतला ते कौतुक वाटलं.

गोविंदने कपाटातून एक वही आणून त्याच्यापुढे ठेवली. "वीणा कशी निवडायची ते ह्यात आहे. तुम्हीच बघा. तुम्हाला कळतं."

वहीत पानोपानी इंग्रजी आद्याक्षरं होती. प्रत्येकाच्या पुढे रकाने. पाळीला आला तर टिक, लवकर गेला तर अर्धी टिक, आला नाही तर फुली. वेग कुठेच लिहिलेला नव्हता.

"ही काय शाळेची हजेरी आहे?" निशिकांतने अंगठ्याने पानं भराभर उलटली. "ह्याच्यावर जिंकायची ही? नशीब म्हणतात ते हेच." शेवटच्या लिहिलेल्या पानावर तो थांबला. "हे ताजं दिसतंय. पाचच नावं आहेत. म्हणजे हे तिचं ह्या वर्षीचं रोटेशन."

तो बोट फिरवत वाचू लागला. "आर. एस. अर्धी टिक, अर्धी टिक, फुली. लवकर दमतो. चौथ्या नंबरला चालेल." मग त्याच्या भुवया वर गेल्या. "एम. एल. पाच पाळ्या, पाच टिक. वर दुसऱ्यांच्या जागी तीनदा आलाय! कोण आहे हा? असो, माणूस सोन्यासारखा आहे. हा पहिला." त्याने लॅपटॉपवर टाईप केलं : १. एम. एल.

"आणि तो शेवटचा?" गोविंदने विचारलं.

"एन. के." निशिकांत नाकातून हसला. "पाच पाळ्या, पाच फुल्या. एकदासुद्धा उभा राहिला नाही. असे असतात हो, नाव मोठं, पगार मोठा, आणि पाळी आली की कारणं. वीणाने ह्याला ठेवला तरी कशाला? मी एक दिवस ठेवला नसता."

"तिनं वाट बघितली. तीन वेळा. नंतरच्या दोन फुल्या तिनं आदल्या दिवशीच मारून ठेवल्या."

"तेच म्हणतोय मी. पहिल्या फुलीला हाकलायचा." निशिकांतचं बोट रकान्यांच्या वर गेलं. तिथे बारीक अक्षरात तारखा होत्या. "तीन डिसेंबर. आठ डिसेंबर. तेरा..."

बोट थांबलं.

"डिसेंबरात सामने नसतात," तो म्हणाला.

"नसतात," गोविंद म्हणाला. "संध्याकाळी सहा ते आठ भेटायची वेळ असते."

निशिकांतने वही मिटली. मग पुन्हा उघडली. पान तेच होतं. एन. के.च्या शेवटच्या दोन फुल्या बाकीच्यांपेक्षा लहान होत्या, हात न दाबता काढलेल्या.

"मीटिंगा होत्या हो," तो म्हणाला. "वर्षअखेर होती."

"असतात."

अकराला दहा मिनिटं कमी होती. दारावरची बेल वाजली. गोविंद उठला आणि दाराकडे जाता जाता खुर्चीपाशी थांबला.

"उठा, साहेब. तुमचा पहिला नंबर आलाय."