शेऱ्याचा रकाना

"तुमचा नंबर आहे की यादीत," सासूबाई म्हणाल्या. "जाळीवाल्याच्या खाली."

जावयाने चष्मा वर सरकवून संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. खरंच होता. वर खिडक्यांना डासांची जाळी बसवणारा, खाली झेरॉक्सवाला आणि मधे तो. लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

"आणि हिचा?"

"लेकीचा कशाला लागतो? जवळच्या माणसांचे नंबर डोक्यात, बाकीच्यांचे यंत्रात. नोकरीपासूनची सवय आहे."

नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. आधी फोन जोडून द्यायच्या बोर्डावर, मग बोर्ड गेल्यावर चौकशी विभागात, अशी चौतीस वर्षं. त्या काळी गावभराचे नंबर त्यांना पाठ होते. बायको हे मैत्रिणींना अजून सांगायची: आईने माझा नंबर आयुष्यात कुठे लिहून ठेवला नाही. त्या घरात यादीत नसणं हा मान होता. जावयाला तो मिळाला नव्हता याची त्याला कल्पना होती, पण आज लेखी पुरावाच समोर आला.

काम साधं होतं. लेकीने आईसाठी नवा फोन घेतला होता आणि संगणकातली यादी त्यात घालून द्यायला नवऱ्याला पाठवलं होतं. संगणक बारा वर्षांचा. सुरू होताना मिक्सरसारखा आवाज करायचा. यादीची फाइल मात्र गेल्या मार्चमध्येच तयार केलेली दिसत होती. निवृत्त माणसांना कामं निवांतच सुचतात, असं म्हणत जावयाने केबल जोडली.

पहिल्या खेपेला नंबर नीट आले, नावांचे मात्र चौकोन झाले. दोनशे चाळीस नंबर आणि प्रत्येकापुढे रिकाम्या चौकोनांची रांग.

"माणसं तीच आहेत, आई. फोनला अक्षरं ओळखता येत नाहीयेत."

सासूबाई बराच वेळ त्या चौकोनांकडे पाहत राहिल्या. "असंच होत असेल," त्या म्हणाल्या.

"पाच मिनिटांत दुरुस्त होतं."

"बरं आहे फोनचं."

तो दुरुस्तीला लागला. हाताला चाळा असला की माणसाची जीभ सुटते, तशी त्याची सुटली. "तेव्हाचा अग्निशामक दलाचा नंबर?"

"दोन शून्य एक."

"सरकारी दवाखाना?"

"दोन एक सहा. रात्रपाळीला दोन एक सात. तिथला कंपाउंडर झोपलेला असायचा, नऊ रिंग द्याव्या लागायच्या." सासूबाई खुर्चीत सैलावल्या. "एक गृहस्थ होते घड्याळ दुरुस्तीवाले. रोज पाच चाळीसला एकच नंबर मागायचे. बायको सोडून गेली होती, तिच्या माहेरचा. पलीकडे कोणी उचलायचं नाही."

"मग?"

"मी सांगायचे, लाइन बिझी आहे."

"खोटं?"

"बिझी म्हणजे कोणीतरी घरात आहे. तेवढ्यावर ते घरी जाऊन जेवायचे तरी. दोन वर्षं सांगितलं. मग एक दिवस त्यांचा आवाज ऐकला आणि वाटलं, आज सांगायला हरकत नाही. सांगितलं. थँक्यू म्हणाले. काय सांगायचं यापेक्षा कधी सांगायचं, हे कळावं लागतं. तुम्हाला कळतं ते."

"मला?"

"तुमच्या मनगटाला प्लास्टर होतं आणि तुम्ही तिला चार दिवस गाडी पंक्चर आहे, भेटायला येता येत नाही म्हणून सांगत होतात. तिची परीक्षा संपेपर्यंत."

"त्यावरून अजून ऐकतोय मी."

"ऐका की. पास झाली ना ती?"

जावई हसला. मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "आणि हिचा नंबर?"

"घरी तपासनीस आलेत वाटतं," म्हणत सासूबाई उठल्या. "चहा टाकते."

"हिचाही टाकून देतो फोनमध्ये. दोन सेकंदांचं काम."

स्वयंपाकघराच्या दारात त्या वळल्या. "नको. तिने पाहिलं तर तिला वाईट वाटेल."

आम्हाला काही वाटतच नसतं, असं जावई म्हणाला. पण मनात.

दुसऱ्या खेपेला यादी नीट उतरली. नावं नावांसारखी दिसू लागली आणि त्यांच्यामागोमाग काहीतरी जास्तीचंही आलं. संगणकात सासूबाईंनी शेऱ्याचा एक रकाना अगदी चिंचोळा करून ठेवला होता. तिथे तो दिसला नव्हता. फोनमध्ये मात्र प्रत्येक नावाखाली शेरा ऐसपैस पसरला होता.

जावयाने आत कानोसा घेतला. कपबशा वाजत होत्या. त्याने शिंपी उघडला. 'बाही लांब करतो. सांगून उपयोग नाही.' इलेक्ट्रिशियन: 'उद्या येतो म्हणाला की आठवडा धरावा.' धाकटे दीर: 'फोन उचलू नये. चुकून उचलल्यास गॅसवर दूध आहे म्हणावे.'

तो एकटाच हसत बसला. चौतीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलेल्या बाईने शेवटी आपलं म्हणणं एकेका ओळीत बसवलं होतं.

मग त्याने जाळीवाला ओलांडला. आपल्या नावाखाली काय असेल याचा अंदाज त्याला होता. पंक्चर असणार, किंवा जेवताना फोन बघतो ते. घरी जाऊन बायकोला वाचून दाखवू म्हणून त्याने स्वतःचा फोनही बाहेर काढला, फोटो घ्यायला.

"साखर किती घालू?" आतून आवाज आला. "दोन ना?"

तो गेली अकरा वर्षं बिनसाखरेचा चहा घेत होता.

"दोन," तो म्हणाला आणि आपलं नाव उघडलं.

'रस्ता चुकल्यास आधी यांना फोन करावा. लेकीला एकदम सांगणार नाहीत. तिचा नंबरही यांनाच विचारावा.'