मध्यंतराचा हार

नेत्रतज्ज्ञांनी कीर्तनकार अण्णांच्या डोळ्यांचा पडदा तपासला आणि लेकीला, वेणूला, विचारलं, “हल्ली विसरतात का हो? ज्यांचा पडदा असा झिजतो, त्यांतल्या काहींची स्मृतीही ढळते.”

“छे हो, साठ आख्यानं पाठ आहेत त्यांना. वहीतलं दिसत नाही, म्हणून अडतात इतकंच.” चष्म्यावर भागावं, एवढंच तिचं रामरायाकडे मागणं होतं.

संध्याकाळी देवळात निरूपणाचा पूर्वरंग संपला. रिवाजाप्रमाणे अण्णांना बुक्का लागला, हार पडला. आता आख्यान लागायचं. अण्णांनी डोळे मिटले आणि पूर्वरंगाचाच अभंग पुन्हा पहिल्यापासून उचलला.

पेटीवरची वेणू हळूच म्हणाली, “अण्णा, हे झालं की.”

“वेडाबाई, आधी हार तर पडू दे,” अण्णा हसले.

हार गळ्यात डोलत होता. वेणूने त्यांच्या अभंगाला पुन्हा सूर दिला.