धुराचा नियम

तो स्वतः रचत असलेल्या चिलखती युद्धनौकांच्या पटावरच्या खेळाचे सगळे नियम एका पोस्टकार्डावर मावायला हवेत, असा त्याचा हट्ट होता. आणि धुराचा नियम काही केल्या मावत नव्हता. त्याने तो तिसऱ्यांदा खोडला, पाणी प्यायला उठला, न पिताच परत आला. आतल्या खोलीत कपाटाचं दार वाजलं की त्याचा हात थबकायचा.

"मांडा, खेळून बघू," म्हणत बायको समोर बसली आणि पहिल्याच खेळीत तिने आपल्या पुठ्ठ्याच्या जहाजाच्या सगळ्या तोफा डागल्या.

त्याने तिच्या जहाजावर कापसाचा बोळा ठेवला. "आता पुढची खेळी तुला काही दिसणार नाही. जो तोफ डागतो, तो आपल्याच धुरात सापडतो."

"मग त्याने करायचं काय?"

"धूर विरेपर्यंत गप्प बसायचं."

"सकाळपासून तुम्ही बसलायत तसं?"

तो टोकदार पेन्सिलीलाच पुन्हा टोक काढू लागला.

"लेकीला 'चालती हो' म्हणालात."

"डोकं शांत झालं की बोलेन मी तिच्याशी."

बायकोने कापसाचा बोळा उचलून त्याच्या जहाजावर ठेवला आणि आपलं जहाज बोटाने टेबलाच्या कडेपर्यंत सरकवलं. "तोवर समोरचं जहाज थांबून राहतं, हे कुठल्या नियमात लिहिलंय?"

त्याने खरोखरच पोस्टकार्ड उलटून पाहिलं. आतल्या खोलीत बॅगेची चेन लागली.