न चिमटलेली रोपं

"लेबलं बदललीस तू!" मॅडमनी अहवाल टेबलावर आपटला. "कबूल कर आणि मोकळी हो."

ताई जागची हलली नाही. प्रयोगशाळेत सहा वर्षं काढलेली मदतनीस. सगळे तिला ताईच म्हणत. समोर टोमॅटोच्या रोपांचे दोन ट्रे होते. एका ट्रेतली पानं ती रोज चिमटायची, अळीने कुरतडावी तशी. जखम झाली की पानात एक संप्रेरक तयार होतं. त्याचा निरोप पोचला की पेशी कडू द्रव्य बनवू लागतात, अळीला न पचणारं. दुसऱ्या ट्रेला तिने बोटही लावलं नव्हतं. तरी तीही रोपं तितकीच कडू निघाली होती.

"लेबलं बरोबर आहेत, मॅडम. तो निरोप हवेतूनही जातो. दोन्ही ट्रे एकाच काचघरात होते. मी दुसरं काचघर मागितलं होतं, पण तिथे तुमची शोभेची झाडं..."

"म्हणजे चूक माझी? आणि तू धुतल्या तांदळासारखी! अक्कल घरी ठेवून येतेस रोज. काल तेच, परवा तेच. सहा वर्षं सांभाळून घेतलं, त्याचे हे पांग फेडतेस?"

"सांभाळलंत?" ताईची कानशिलं तापली. "सहा वर्षं मी ऐकून घेतलं, मॅडम. पण खोटारडेपणाचा शिक्का नाही घेणार."

"बसलाच समज. उद्यापासून येऊ नकोस. दाखल्यावर कारण लिहिणार आहे, खोट्या नोंदी. मग बघू कोण दारात उभं करतं."

मॅडम कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळल्या. तिथे धाकटी मदतनीस बसायची, त्यांची लाडकी चिमणी. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"चिमणे, हा प्रयोग आता तुझा. तिच्या नोंदी खोट्या आहेत एवढं लिही आणि सही कर."

चिमणीने कागद ओढला. खसाखसा चार ओळी लिहिल्या, सही केली आणि तो मॅडमसमोर सरकवला. 'सर्व नोंदी मी रोज तपासल्या आहेत. त्या खऱ्या आहेत.' मग तिने अंगातला पांढरा कोट काढून खुर्चीवर फेकला.

"उद्यापासून मीही येणार नाही," ती म्हणाली. एवढं कडवट बोलताना तिला कुणी ऐकलं नव्हतं.

मॅडम बघतच राहिल्या. "अगं, तुला लागेल असं एक अक्षर तरी बोलले का मी कधी?"

"नाही, मॅडम. पण मी याच खोलीत बसते."