रिकामी खोली

हृदयाचा नुसता आवाज ऐकून झडपेतला दोष ओळखायला आम्ही संगणकाला शिकवत होतो. त्या दुष्काळात रेणापूरजवळच्या एका गावात, समाजमंदिरात, आमचं शिबिर होतं. रोज पेशंट यायच्या आधी मी माइक रिकाम्या खाटेवर ठेवायचे, "रिकामी खोली" असं म्हणायचे आणि भोवतालचा आवाज भरून घ्यायचे. पंख्याची घरघर, टँकरपाशी घागरींचा खणखणाट. संगणक मग तेवढा आवाज पेशंटच्या आवाजातून वजा करायचा.

त्या सकाळी रिकाम्या खाटेतून ठोके ऐकू आले.

संथ ठोके, आणि प्रत्येकामागे गळक्या झडपेचा फुसकारा. संगणकानं जुन्या नोंदींशी जुळवून लगेच नाव दिलं: बसम्मा. कालचीच पेशंट. कालचा आवाज मिसळला असेल, म्हणून सगळं पुसून मी पुन्हा घेतलं.

पुन्हा तेच ठोके. आता जरा जलद.

मी बाहेर धावले. तिचे मालक ईश्वरप्पा रांगेत बसले होते.

"बसम्माबाई कुठायत?"

"ही काय, मॅडम. टँकरवरून आत्ताच आलीय की."

बसम्मा पदरानं घाम पुसत हसली. मी तिला खाटेवर निजवलं. तेवढ्यात वीज गेली आणि पंखा थांबला. माइक बॅटरीवर चालायचा. मी तो तिच्या छातीवर टेकवला, हेडफोन कानाला लावले.

"धडधड ऐकू यायलीय का, मॅडम?"

बंद पंख्याची घरघर ऐकू येत होती. तिच्याआड घागरींचा खणखणाट. ठोका एकही नव्हता.

मग तिच्या छातीतून, अगदी स्पष्ट, माझाच आवाज आला.

"रिकामी खोली."