फटीतले बोळे

“कोळशाच्या शेगडीचा विषारी वायू दिसत नाही, खिडकी उघडी ठेवा हं!” दवाखान्यातून निघताना सिस्टरनं बजावलं, तेव्हा ईरा नुसती हसली होती. बाळंतिणीला कधी वारा लागू देतात होय!

नाताळात थंडीनं जोर धरला. आईनं खिडकीच्या फटींतही चिंध्यांचे बोळे कोंबले, मायलेकींना शेक दिला आणि धगधगती शेगडी बाजेखाली सारून ती स्वयंपाकघरात गेली.

“आज पोर रडली नाही, गुणाची गं बाई!” आई तिथून म्हणाली.

ईराला गरगरत होतं. रोज शेकताना घर डोक्यावर घेणारी लेक गप्प कशी? तिनं धडपडत जाऊन खिडकी उघडली.

“अगं, वारा लागेल!” आई धावली.

“लागू दे!”

लेकीनं टाहो फोडला, तेव्हा आईनं स्वतःच शेगडी अंगणात नेली.

तुमच्या ओळखीत कुणी बाळंतीण आहे? आजच तिची खिडकी बघून या.