तनीच्या वेळची काफी

"सर, मृदंगाची एकट्याची तनी सुरू झाली की आमच्याकडं लोक काफी प्यायला उठतात. तुमच्या सिंफनीत कधी उठतात?"

तुळसीची हे विचारायची छातीच होणार नाही, अशी तिच्या मैत्रिणीची, अलमेलुची पैज होती. वर्ग फिदीफिदी हसला. चंद्रमौळी सरांनी ग्रामोफोनची सुई उचलली.

"हायडनच्या एका सिंफनीत वाजवणारेच उठतात," ते म्हणाले. "ज्या राजपुत्राच्या पदरी ते होते, तो त्यांना घरी सोडीना. मग म्हणे शेवटच्या भागात एकेक जण आपली मेणबत्ती विझवून निघून गेला. तोंडानं अवाक्षर नाही. राजपुत्र काय ते समजला. तिचं नावच पडलं, 'निरोप'."

पैज जिंकूनही तुळसीचं हसू मावळलं. रामनवमीच्या कचेरीत, म्हणजे गाण्याच्या बैठकीत, विशालाक्षीअक्का गाणार होती आणि मृदंगावर ती स्वतः. अप्पांची अट होती, "तनीला मांडव उठला, की मृदंग गवसणीत. कायमचा! पोरीची फजिती मला बघवायची नाही."

रामनवमी आली. अक्का गाता गाता थांबली, तनी सुरू झाली. पहिले उठले ते अप्पाच.

त्यांच्यामागून शेजारचे मामा, मग पोस्टमास्तर, मग अख्खी रांग. निरोप! उठा, उठा, तुळसी मनात म्हणाली, मी काही उठत नाही. आणि तिनं थाप अशी मारली की अक्कानं दचकून पाहिलं.

थोड्या वेळानं लोक कुरकुरत परत आले. हात रिकामे. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून ऐकू लागले. पोस्टमास्तरांचा हात मांडीवर ताल धरू लागला. मामा "भले!" म्हणाले, आणि ते काही काफीला म्हणाले नव्हते. शेवटच्या थापेला मांडव दणाणला.

घरी आल्यावर आम्मा अप्पांच्या नेसत्या पांढऱ्या वेष्टीकडं बघत राहिली. गुडघ्यापासून खाली सगळी तपकिरी.

"अहो, हे कसाला असं?"

"धक्का लागला. काफीचा हंडा कलंडला."

"भला मोठा हंडा! अन् तुमच्या एकट्याच्या धक्क्यानं?"

अप्पा छताकडं पाहू लागले. तोंडानं अवाक्षर नाही.

तुळसीला सगळं समजलं. ती खो खो हसत सुटली. मग पदर खोचून दोघांच्या समोर उभी राहिली.

"अप्पा, आम्मा, माझं ठरलं. मृदंग मी सोडायची नाही. आणि पुढच्या रामनवमीला हंड्याला कोणी हात लावायचा नाही. काफी गरम असू द्या. मी तेव्हाच वाजवणार!"